वास्कोला गेलेला माणूस

जानकी रोज सकाळी न्हाऊन कपाळाला कुंकू लावायची, आणि ते दिसलं की माझ्या घशात पेज अडकायची. जानकी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दत्तारामची बायको. दत्ताराम आषाढात मेला. नवरा मेलेली बाई कुंकू लावून पाण्याला येते म्हटल्यावर वाडीतल्या बायका काय ते बोलायच्याच. कारण ठाऊक असूनही बोलायच्या. नळावर तिची कळशी कुणीतरी उचलून रांगेच्या मागे ठेवी, हळदीकुंकवाचं बोलावणं आमचं दार वगळून पुढच्या दारी जाई. ती उलटून एक शब्द बोलायची नाही. बोलणार तरी काय? ते कुंकू तिला मी लावायला लावलं होतं.

नीट सांगतो. आम्ही मूळचे दोडामार्गाकडचे. आजोबा खाणीवर कामाला म्हणून डिचोलीच्या बाजूला आले आणि इथलेच झाले. मी सगुण, खनिजाचा ट्रक चालवत होतो. ही गोष्ट खाणी बंद पडायच्या आदल्या वर्षीची. दत्ताराम मात्र शेतातला माणूस. ओढ्याकाठी आमची थोडी माडाफोफळीची बाग आणि खालच्या अंगाला भाताचे दोन कुणगे म्हणजे खाचरं, ते सगळं तोच बघायचा. ओढ्याच्या वरच्या बाजूला खाणीतून काढलेल्या टाकाऊ मातीचा डोंगर होता. दर पावसाळ्यात तो थोडा थोडा खाली यायचा, भातात लाल चिखल बसायचा, आणि दत्ताराम फावडं घेऊन पाट मोकळा करत राहायचा.

त्या दिवशी पाऊस तिसऱ्या दिवशीही थांबायचं नाव घेत नव्हता. दत्ताराम पाट उपसायला गेला होता. त्याची मुलगी कमलाक्षी, नऊ वर्षांची, आम्ही तिला कमू म्हणतो, ती शाळेला सुट्टी म्हणून त्याची पेज घेऊन गेली. ती बांधावर पोचली आणि वरची माती सुटली. कमू धावत घरी आली, पायरीवर उभी राहिली, "माती" एवढंच म्हणाली आणि खाली बसली. त्यानंतर ती बोलली नाही.

दत्ताराम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडला. तोवर कमूला मी पेडण्याला तिच्या मावशीकडे पाठवून दिलं होतं. पोरीने ते बघू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेरावं झाल्यावर तिला परत आणली. बसमधून उतरली ती सगळं घर फिरली, माजघर, गोठा, मागचं दार, आणि येऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी ट्रकवाला माणूस. वळणावर समोरून गाडी आली की माझे हात डोक्याआधी चालतात. तोंडाचंही तसंच झालं.

"बाबा वास्कोक गेलो गो," मी म्हणालो. "बोटीर काम गावला तेका. येतलो."

माझी बायको प्रभावती चुलीपाशी होती, तिने मान खाली घातली. मी जानकीकडे बघितलं. ती आत गेली आणि बाहेर आली ती कुंकू लावून. दत्तारामचा शर्ट खुंटीवरून काढायला घेतला होता, तो तसाच ठेवला. मेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, पण वास्कोला गेलेल्या माणसाचे ठेवायलाच लागतात. मग मी वाडीला सांगितलं, शाळेत सांगितलं. कमूसमोर सगळ्यांनी आमचं खोटं मायेने सांभाळलं. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा सायकलचा भोंगा वाजवून विचारायचा, "काय गो कमू, बाबाचो फोन इल्लो?"

दिवाळीला मी तिच्यासाठी निळा फ्रॉक आणला आणि तो बाबाने वास्कोहून पाठवला म्हणून सांगितलं. तिने पिशवी उघडली, फ्रॉक बघितला, पिशवीची घडी घातली आणि दोन्ही कपाटात ठेवून दिलं. मला वाटलं, जपून ठेवतेय. माणूस स्वतःच्या हुशारीवर किती खूष असतो बघा.

ती जेवायची, शाळेत जायची, फळ्यावरचं वहीत उतरवायची. फक्त बोलायची नाही, आणि मातीवर पाय ठेवायची नाही. दारापासून रस्त्यापर्यंत चिखलात मी चिरे टाकले होते. त्या चिऱ्यांवरून उड्या मारत जायची, आणि चिरा संपला की उभी राहायची. मग नऊ वर्षांच्या पोरीला प्रभावती कडेवर घ्यायची आणि कमरेत उसण भरली की शिव्या मला घालायची. देवाला कौल लावून झाला. म्हापशाच्या डॉक्टरला घसा दाखवून झाला. घसा चांगला होता.

जीप आली ती मार्गशीर्षात. मी खाणीवरची पाळी करून आलो होतो, अंगावर लाल धूळ तशीच होती. जीपमधून एक तिशीतली बाई उतरली, खांद्याला कापडी पिशवी. गाडी चालवणारा कृष्णनाथ नावाचा माणूस आत बसून राहिला.

"मुलांसाठीच्या पथकातून आलेय," ती म्हणाली. "माझं नाव भाग्यलक्ष्मी. कमलाक्षीला भेटायचं होतं."

पथक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पोलीस आले. तिने सांगितलं ते असं. सरकारने त्या वर्षी अनुदान काढलं होतं. ज्या मुलांनी अपघात बघितला, घरातलं मरण बघितलं, मारहाण सोसली, त्यांच्या घरी जाऊन बसायचं, त्यांना सावरायला मदत करायची, यासाठी पथकं. आमच्या बाजूच्या पथकात ती, एक डॉक्टर आणि ही जीप. शाळेतल्या सदाशिव मास्तरांनी आम्हाला न विचारता कमूचं नाव कळवलं होतं.

"आमच्या चेडवाक काय जावक नाय," मी म्हणालो, पोरीला काही झालंच नाही अशा थाटात. "ता पयलेपासून गप्प."

"पाच महिने एक शब्दही नाही, काका?"

"आमच्या घरातली बायलमाणसा थोडीच बोलतत."

आतून प्रभावती मोठ्याने खोकली. हे वाक्य आमच्या घरात कुणाला पटणार नाही हे मलाही कळत होतं.

"बघा बाई," मी सरळ बोललो, "सरकारी कागदार एकदा चेडवाचा नाव चढला की पुसाचा नाय. उद्या लोक तिका खुळी म्हणतले. लांबसून इलास, च्या घेवा आणि जावा."

ती ओट्यावर टेकली. प्रभावतीने चहा आणला आणि बायका विचारतात तसं विचारलं, "खयच्या गो तुमी?"

"मी वास्कोची."

दारामागे कमू होती हे आम्हाला माहीत नव्हतं. ती बाहेर आली, चिऱ्यांवरून उड्या मारत जीपपाशी गेली आणि आत डोकावली. पुढे बघितलं, मागे बघितलं, वाकून सीटखाली बघितलं. कृष्णनाथ गोंधळून खाली उतरला. मग ती घरात पळाली आणि आली ती बोचकं घेऊन. टॉवेलात बांधलेला दत्तारामचा शर्ट, त्याची दाढीची पेटी, त्याच्या चपला. ते तिने त्या बाईच्या मांडीवर ठेवलं आणि पुन्हा जाऊन जीपमध्ये बसली. दार ओढून घेतलं. निघा म्हणून वाट बघत समोर बघत राहिली.

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. भाग्यलक्ष्मीबाईने बोचक्याकडे बघितलं, जानकीच्या कपाळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"काका, तुम्ही तिला काय सांगितलंय?" तिने हळू विचारलं.

कमूला जीपमधून उतरवायला मला आणि प्रभावतीला दोघांना जावं लागलं. सीटचा दांडा ती सोडेना. मी बोटं सोडवायला गेलो तेव्हा ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं, पण तिच्या तोंडातून आवाज आला नाही. त्याचीच मला भीती वाटली. मी मनगट पुसलं आणि बाईला म्हणालो, "येत जावा. काय ता करा."

मग ती दर गुरुवारी यायला लागली. मला वाटायचं, काहीतरी औषध देईल, नाहीतर प्रश्न विचारील. तसलं काही नाही. ओट्यावर जानकी आणि प्रभावती सुपारी सोलत, त्यांच्याबरोबर ही सोलायला बसायची. पहिल्या गुरुवारी तिने बोट कापून घेतलं. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा कापून घेतलं. तेव्हा कमूला राहवलं नाही. तिने बाईच्या हातातून सुपारी घेतली आणि अंगठा कुठे धरायचा ते दाखवलं. सरकार ह्या बाईला सुपाऱ्या सोलायला पाठवतं की काय, असं मी प्रभावतीला म्हणालो. ती म्हणाली, "तुमी गप ऱ्हवा. चेडू आज दोन पेले पेज जेवला."

पुढे बाईने एका ताटात पांढरी रेती आणली. मग रेतीत थोडी काळी माती. मग आमच्याच परसातली लाल माती, मूठभर. कमू आधी ताट लोटून द्यायची. संक्रांत झाल्यावर एक दिवस तिने त्यात एक बोट टेकवलं आणि लगेच फ्रॉकला पुसलं. बाई ताटातली रेती सारखी करत राहिली. त्या दिवशी जीपमध्ये बसताना मात्र तिचा चेहरा असा फुलला होता की कृष्णनाथने मला विचारलं, आज काय झालं म्हणून.

त्याच सुमाराला तिने मला बाजूला घेतलं.

"काका, ती माती बघते, पण तिच्यापुढे एक भिंत आहे. तिने बाबाला मातीखाली जाताना बघितलं. आणि तुम्ही सगळे सांगता, तो वास्कोला आहे. तिने डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की तुमच्यावर? तिला खरं सांगायला पाहिजे."

"मगे सांगा. तुमका त्याचसाठी पाठयला सरकारान."

"मी गुरुवारी तास-दोन तास असते. जीप गेल्यावर तिला रडायचं असेल तर कुणाकडे जाईल? ज्या घराने सांगितलं तो वास्कोला गेला, त्याच घराने सांगायला पाहिजे तो मेला. आडून नको. सरळ शब्दात."

"आणि चेडवान हाय खाल्ल्यान तर?"

"तेव्हा मी जवळ असेन. म्हणून लवकर करा, काका. एकतीस मार्चला आमच्या अनुदानाची मुदत संपते. पुढे देतील की नाही, मलाच माहीत नाही. सांगितल्यानंतर निदान दोन-तीन गुरुवार मला तिच्याजवळ बसायला मिळायला हवेत."

तीनच वाक्यं होती. बाबा मेलो. मातयेखाली मेलो. मी खोटा सांगलंय. बाईने ती माझ्याकडून म्हणून घेतली, सदाशिव मास्तर पाढे म्हणून घेत तशी. खाणीवर ट्रक भरायला रांगेत तास-तास उभं राहायला लागायचं, तिथे काच वर करून मी ती काचेला सांगायचो. इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलणारा मी, पण "मेलो" म्हणताना माझाच आवाज मला ऐकू यायचा नाही. घरी जायचो, कमू ओट्यावर दिसायची, आणि मी म्हणायचो, "जेवलंस काय गो?" असे तीन गुरुवार गेले. प्रत्येक वेळी भाग्यलक्ष्मीबाई माझ्या तोंडाकडे बघायची आणि काही न विचारता सुपारी सोलायला बसायची. दुसरी कोणी असती तर माझी खरडपट्टी काढली असती.

शेवटी बोलली ती जानकी. गावच्या देवीची जत्रा होती. ओटी भरायला बायकांची रांग लागली होती. कमू बोट धरून होती म्हणून जानकी कुंकू लावून त्या रांगेत उभी राहिली. पुढच्या एका बाईने सगळ्यांदेखत तिच्या हातातलं नारळ-खणाचं ताट काढून घेतलं आणि कट्ट्यावर ठेवलं. कमू ताटाकडे बघत राहिली. जानकी तिला घेऊन घरी आली, तिला आत पाठवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. आठ महिन्यांत ती माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती.

"भावजी, ह्या कुंकू आता माका जड झाला. लोकांचा माका काय नाय. पण माझो घो मेलो, आणि माका एक दिवस रडाक मिळाक नाय. चेडू बघीत म्हणान रडाक नाय. तुमी सांगतास काय मी सांगू?"

मला मान वर करता येईना. "मीच सांगतंय," मी म्हणालो. "गुरवारी."

तो गुरुवार मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातला. काजूचा मोसम ऐन भरात होता. घरामागच्या कातळावर आमची वीस-पंचवीस काजूची झाडं आहेत. पहाटे पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, दुपारच्या आत उचलली नाहीत तर मुंग्या नि माश्या धरतात. म्हणून मी पाळीवर गेलो नाही, सगळेच वर गेलो. वर बहुतेक कातळच असल्यामुळे कमूही यायची. बांबूच्या काठीला खिळा ठोकलेला, त्याने बोंडू टोचून उचलायचा, हाताने बी पिळून काढायची, बोंडू एका डब्यात, बी दुसऱ्यात. हात चिकट होतात, रसाने कपडे डागतात ते जात नाहीत. सकाळचे दहा झाले होते, पण ऊन पाठीला लागत होतं. भाग्यलक्ष्मीबाई आली, आमच्यापासून वीसेक पावलांवर एका झाडाखाली बसली आणि आपली बिया निवडायला लागली.

मी कमूच्या शेजारी उकिडवा बसलो. ती एका खडकावर बसून बिया पिळत होती.

"कमू," मी म्हणालो, "बाबा वास्कोक जावक नाय."

तिचे हात थांबले.

"बाबा मेलो गो. मातयेखाली मेलो. तू बघलंस ताच खरा. मी तुका खोटा सांगलंय. तुका दुख जायत म्हणान सांगलंय, पण खोटा."

एवढं बोललो आणि पुढचं सगळं संपलं. तीन वाक्यांपलीकडे मला कोणी शिकवलं नव्हतं. कमू हातातल्या बोंडूकडे बघत होती. ती रडली नाही. मग तिच्या घशातून खरखर आली, गंजलेला नळ सोडताना येते तशी, आणि ती म्हणाली,

"डिचोलीत इल्लो."

आठ महिन्यांनी ऐकलेला तो आवाज मला ओळखू आला नाही. "कोण गो?"

"बाबा. फ्रॉक थय घेतल्यान. पिशयेर डिचोली लिवला हा."

दिवाळीचा तो निळा फ्रॉक मी डिचोलीच्या बाजारात घेतला होता, आणि दुकानाच्या पिशवीवर खाली दुकानाचा पत्ता छापलेला होता. मी ती पिशवी तशीच तिच्या हातात दिली होती. पोर चौथीत होती, वाचता येत होतं तिला. मी ते लक्षातच घेतलं नव्हतं.

"बाबा डिचोलीत इलो आणि घराक येवक नाय," कमू म्हणाली. आता शब्द एकामागून एक येत होते, अडखळत. "माझ्यार रागावलो म्हणान येवक नाय. मी पेज थय टाकलंय आणि पळालंय. तेका हात देवक नाय. म्हणान तो वास्कोक गेलो."

पोरीने हे चार महिने पोटात ठेवलं होतं. बाप जिवंत आहे, पाच मैलांवर बाजारात येऊन जातो, आणि आपलं तोंड बघायचं नाही म्हणून घरी येत नाही. हे तिला कुणी सांगितलं? मी सांगितलं. मायेने सांगितलं.

भाग्यलक्ष्मीबाई उठून जवळ आली होती, पण मधे पडली नाही. एवढंच हळू म्हणाली, "काका, तिला विचारा, बाबा काय म्हणाला होता त्या वेळी."

"कमू, माती येताना बाबा काय म्हणालो?"

तिने डोळे मिटले. "पळ म्हणालो. मोठ्यान. 'कमू, पळ.'"

"आणि तू काय केलंस?"

"पळालंय."

"मगे बाबाचा ऐकलंस मां गो तू? बाबान सांगल्यान ताच केलंस. तो कसो रागावतलो?" मी तिच्या आणखी जवळ सरकलो. "तू पळालंस म्हणान तू हय आसस. तेका ताच होया होता."

तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. खरं की खोटं ते ती बघत होती. मी नजर हलवली नाही. त्या दिवसापर्यंत मी आयुष्यात इतकी अवघड गाडी चालवली नव्हती.

जानकी पलीकडच्या झाडाखाली होती. तिने सगळं ऐकलं होतं. बोंडवाच्या रसाने भरलेला हात तिने कपाळावरून फिरवला, कुंकू पुसलं, आणि तिथेच खाली बसून ती रडायला लागली. मोठ्याने, हंबरडा फोडून, दत्तारामचं नाव घेऊन. आठ महिन्यांचं रडणं होतं ते. कमूने हातातला बोंडू टाकला आणि ती आईकडे धावली. मधे कातळ संपून मातीचा पट्टा होता, पायाला चटका देणारी तापलेली लाल माती. त्यातून ती धावत गेली. आईच्या गळ्यात पडल्यावर मग तीही रडली. प्रभावती दोघींना धरून बसली. मी एकटा उरलो, तर भाग्यलक्ष्मीबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्याहून कितीतरी लहान बाई. तिच्यापुढे मी डोकं गुडघ्यात घालून रडलो, त्याची मला लाज वाटत नाही. त्या दिवशीचे बोंडू मुंग्यांनी खाल्ले.

पुढचे दोन गुरुवार ती येऊन कमूजवळ बसली. कमू आधी चार शब्द बोलायची, मग दहा. रात्री दचकायची, ते काही लगेच गेलं नाही. दत्तारामचे कपडे आम्ही ओढ्यावर नेऊन सोडले, ती बरोबर आली. जानकीच्या कपाळाकडे आता कुणी बघत नव्हतं, आणि ती नळावर आपल्या कळशीला कुणाला हात लावू देत नव्हती. मी बाईला काजूबिया द्यायला गेलो तर घेईना, सरकारी नियम म्हणे. कृष्णनाथला दिल्या, त्याने नियम वाचलेला नव्हता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डिचोलीला एका सभागृहात बैठक होती. पणजीहून अधिकारी येणार होते. पथकाचं काम त्यांना लोकांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यावर पुढचं अनुदान ठरणार होतं. भाग्यलक्ष्मीबाईने आम्हाला या म्हणून आग्रह केला नाही, नुसतं कळवलं. मी म्हणालो, आम्ही सगळे येणार. आमच्या घरात मोठ्याने बोलणारा मी, तेव्हा बोलणारही मीच. आदल्या दोन दिवसांत ट्रकच्या काचेला मी पुन्हा सगळं सांगितलं होतं, आणि या वेळी चांगलं जमलं होतं.

सभागृह भरलेलं होतं. आमच्यासारखी घरं होती, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाचं पोर खुर्चीखाली. अधिकारी चष्म्यातून कागद बघत होते. बाई भिंतीशी उभी होती, हात पोटाशी घट्ट धरून. तिची नोकरीही त्याच कागदावर होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. इतक्या गुरुवारांत ती आमच्याकडे स्वतःच्या नोकरीबद्दल बोलली नव्हती.

माझं नाव पुकारलं. मी पुढे जाऊन उभा राहिलो. माईक हातात दिला. "मी सगुण," म्हणालो. "माझ्या भावाचा चेडू..." आणि आवाजच गेला. समोर बाई दिसत होती, तिच्या बोटावरचे सुपारीचे वण दिसत होते, आणि मला आठवत होतं की हिला मी चहा घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. अधिकारी म्हणाले, "बसा हवं तर, काही हरकत नाही." मी मान हलवली. बसायचं नव्हतं मला. ह्या बाईचं काम माझ्यामुळे अडलं तर मी कुठे तोंड दाखवणार होतो?

पुढे त्या पथकाला अनुदान मिळालं, आणखी दोन वर्षं जीप त्या रस्त्याने फिरताना मी बघितली. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी मी माईक धरून मुका उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

कुणीतरी माझा सदरा ओढला. खाली बघितलं तर कमू. कधी उठून आली कळलं नाही. अंगात निळा फ्रॉक होता. तिने माझ्या हातातून माईक काढून घेतला, दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि अधिकाऱ्यांना म्हणाली,

"काकाक बोलाक येणा नाय. मी सांगतंय."

आणि तिने सगळं सांगितलं, पहिल्यापासून.